घर कोणाच्या नावावर? उत्तर आयर्लंडचा संघर्ष आणि तिथले सरकारी अधिकारी

१९७२ च्या जूनमध्ये उत्तर आयर्लंडात कोणाला खरी वाटली नसती अशी गोष्ट घडली. अखंड आयर्लंडसाठी लढणारी सशस्त्र संघटना आयआरए आणि ब्रिटिश सरकार यांच्यात युद्धबंदी ठरली. त्याआधी २० जूनला डेरी शहराजवळच्या एका घरात दोन ब्रिटिश अधिकारी आयआरएच्या दोघांना गुपचूप भेटले होते. त्या दोघांपैकी गेरी ॲडम्स विनाचौकशी स्थानबद्धतेत होते, त्यांना या बोलणीसाठी सोडण्यात आलं होतं. पहिली भेट मंत्र्याऐवजी अधिकाऱ्यांनी घेण्यात एक हिशेब असतो. मंत्री भेटला की सरकारने समोरच्याला मान्यता दिली असा अर्थ निघतो. अधिकारी भेटला तर उद्या 'आम्हाला काही कल्पना नाही' म्हणता येतं.

२६ जूनच्या मध्यरात्रीपासून बंदुका थांबल्या. ७ जुलैला उत्तर आयर्लंड खात्याचे ब्रिटिश मंत्री विल्यम व्हाइटलॉ स्वतः लंडनमध्ये आयआरएच्या नेत्यांशी बोलले. आणि ९ जुलैला सगळं फिसकटलं, तेही घरवाटपावरून.

पश्चिम बेलफास्टमध्ये लेनाडून नावाची वस्ती आहे. तिथली काही घरं प्रोटेस्टंट कुटुंबांनी भीतीपोटी सोडली होती. दुसऱ्या भागांतून हुसकावलेली कॅथलिक कुटुंबं छप्पर शोधत होती. घरवाटप करणाऱ्या सरकारी यंत्रणेने या रिकाम्या घरांत त्यांची सोय रीतसर लावून दिली. कागदावर पाहिलं तर यात खोट काढायला जागा नाही. पण यूडीए या प्रोटेस्टंट सशस्त्र संघटनेने बजावलं, की हे लोक राहायला आले तर घरं पेटवू. सैन्याने मग त्या कुटुंबांनाच अडवलं. सामानाने भरलेल्या ट्रकला लष्कराच्या चिलखती गाडीने धडक दिली, जमाव खवळला, गोळीबार सुरू झाला. युद्धबंदी दोन आठवडेही टिकली नाही. २१ जुलैला आयआरएने बेलफास्टमध्ये तास-दीड तासात वीसेक बॉम्ब उडवले आणि त्यात नऊ माणसं मेली.

उत्तर आयर्लंडची गोष्ट सांगताना आपण बहुधा नेते, बंदूकधारी आणि १९९८ चा शांतता करार एवढंच सांगतो. घर कोणाला, नोकरी कोणाला, मिरवणूक कुठल्या रस्त्याने, हे मात्र कुठल्यातरी कचेरीत कोणीतरी ठरवत असतं. दोन तुकडे झालेल्या समाजात त्या टेबलावरून भांडण पेटतंही आणि विझतंही. माझ्या मते तिथल्या अधिकाऱ्यांनी केलेलं सर्वांत मोठं काम म्हणजे या वाटपातून माणसाची मर्जी काढून टाकणं. त्यातून काय साधलं आणि काय साधलं नाही, ते पाहू.

मत घराला

पार्श्वभूमी थोडक्यात. १९२१ मध्ये आयर्लंडची फाळणी झाली आणि उत्तरेकडच्या सहा काउंटी ब्रिटनकडे राहिल्या. तिथे प्रोटेस्टंट बहुसंख्य होते. त्यांतल्या बहुतेकांना ब्रिटनमध्येच राहायचं होतं, म्हणून ते युनियनिस्ट. कॅथलिक अल्पसंख्य. त्यांतल्या बहुतेकांना अखंड आयर्लंड हवं होतं, म्हणून ते नॅशनालिस्ट. ओळख धर्माची असली तरी भांडण देवाधर्माचं नव्हतं, आपला देश कोणता याचं होतं. बेलफास्टजवळच्या स्टॉरमाँटला स्वतःची विधानसभा होती आणि तिथे १९२१ ते १९७२ अशी पन्नास वर्षं एकाच युनियनिस्ट पक्षाचं सरकार होतं. १९६० च्या दशकाच्या शेवटी हिंसा सुरू झाली, ती १९९८ पर्यंत चालली. १५ लाखांच्या आसपास वस्तीच्या प्रदेशात सुमारे ३,५०० माणसं मारली गेली.

आता घरांकडे येऊ. त्या काळी स्थानिक निवडणुकीत मत सगळ्या प्रौढांना नव्हतं. ज्याच्या नावावर घर (मालकीचं असो वा भाड्याचं), त्याला आणि त्याच्या जोडीदाराला मत. आईवडिलांकडे राहणारा तिशीतला मुलगा, भावाच्या घरी संसार थाटलेलं जोडपं, पोटभाडेकरू, या कोणालाच मत नाही. धंदा असलेल्याला मात्र जादा मतं मिळू शकत. म्हणजे नगरपालिकेने एखाद्या कुटुंबाला घर दिलं की त्यासोबत दोन मतंही दिली. आणि घर कोणाला द्यायचं हे ठरवत होते नगरसेवक, ज्यांचं स्वतःचं निवडून येणं त्याच मतांवर अवलंबून होतं.

डेरीचा हिशेब पाहा. १९६७ मध्ये तिथे १४,४२९ कॅथलिक मतदार होते आणि इतर ८,७८१. तरी नगरपालिकेत युनियनिस्ट १२ आणि विरोधक ८. शहराचे तीन वॉर्ड असे आखले होते, की कॅथलिक मतदार एकाच वॉर्डात कोंबले जावेत आणि उरलेले दोन्ही हातातून जाऊ नयेत. कॅथलिकांना घर द्यायचंच झालं तर ते त्याच वॉर्डात द्यायचं. दुसरीकडे दिलं तर गणित बिघडतं. नवीन घरं बांधायची टाळाटाळ का होत होती, हेही मग लक्षात येतं.

ठिणगी पडली ती कॅलेडन नावाच्या छोट्याशा गावात. मुलाबाळांची कॅथलिक कुटुंबं घराची वाट पाहत असताना तिथलं एक नवं घर १९ वर्षांच्या अविवाहित प्रोटेस्टंट मुलीला मिळालं. ती एका युनियनिस्ट राजकारण्याच्या वकिली कार्यालयात सेक्रेटरी होती. २० जून १९६८ ला ऑस्टिन करी हे नॅशनालिस्ट आमदार त्या घरात घुसून आतून कडी लावून बसले. पोलिसांनी काही तासांत त्यांना बाहेर काढलं. पण गोष्ट देशभर गेली. २४ ऑगस्टला कोलआयलंड ते डंगॅनन असा पहिला नागरी हक्क मोर्चा निघाला. ५ ऑक्टोबरला डेरीतल्या मोर्च्यावर पोलिसांनी लाठ्या चालवल्या आणि ती दृश्यं टीव्हीवर घरोघरी दिसली. पुढची तीस वर्षं तिथून सुरू झाली असं बरेच जण धरतात.

या सगळ्यात कोणी लाच खाल्ली असं नव्हतं. फाईल गहाळ झाली नव्हती. सही-शिक्के जागच्या जागी होते. नियमच असा होता, की नगरसेवकाला वाटेल त्याला घर. खालचा कारकून तो नियम इमानेइतबारे पाळत होता. 'आम्ही नियमाप्रमाणे काम केलं' हे वाक्य आपल्याला इतकं निरुपद्रवी वाटतं, पण नियम एका बाजूचा असेल तर तो निमूट पाळणारा अधिकारीही त्याच बाजूचा होतो, मनात काहीही नसलं तरी.

गुणांची यादी

१९६९ मध्ये कॅमेरन आयोगाने घरवाटपातला पक्षपात नोंदवला. त्याच वर्षी सर्व प्रौढांना मत देण्याचं सरकारने मान्य केलं. ऑगस्टमध्ये ब्रिटिश सैन्य रस्त्यावर उतरलं होतं, बेलफास्टमध्ये गल्ल्याच्या गल्ल्या जळल्या होत्या, हजारो कुटुंबं घर सोडून पळाली होती. मग १९७१ मध्ये कायदा झाला आणि घरं नगरपालिकांकडून काढून 'हाउसिंग एक्झिक्युटिव्ह' या एकाच मंडळाकडे देण्यात आली.

१९७३ मध्ये तर जुन्या सत्तरहून अधिक स्थानिक संस्था गुंडाळून २६ परिषदा केल्या आणि त्यांच्याकडे जेमतेम कचरा, स्मशानं, क्रीडाकेंद्रं असलं काम ठेवलं. लोकशाहीच्या पुस्तकात हे उलटंच पाऊल आहे. निवडून आलेल्यांचे अधिकार काढून न निवडलेल्यांना दिले! विकेंद्रीकरणाच्या बाजूने बोलणाऱ्या माझ्यासारख्याला हे पचायला जड जातं. पण त्या परिस्थितीत दुसरा उपाय मलाही दिसत नाही.

मंडळाची पद्धत सोपी होती. अर्जदाराच्या अडचणीला गुण द्यायचे. किती माणसं किती खोल्यांत राहतात, घर राहण्यालायक आहे का, घरात कोणी आजारी आहे का, सगळ्याचे गुण. ज्याचे गुण जास्त त्याचा नंबर आधी. नगरसेवकाची चिठ्ठी चालणार नाही. घरांची अवस्था तशीही वाईट होती. १९७४ च्या पाहणीत जवळपास पाचातलं एक घर राहण्यास अयोग्य ठरलं होतं. त्यामुळे मंडळाने मुळात घरं बांधायला सुरुवात केली, हीच मोठी गोष्ट होती.

पुढे या गुणपत्रिकेत जगात फारशी कुठे नसेल अशी एक ओळ आली. सशस्त्र टोळ्यांच्या धमकीमुळे घर सोडावं लागलं असेल तर २०० गुण. इतर कुठल्याही अडचणीला एवढे गुण नव्हते, त्यामुळे असा माणूस थेट यादीच्या वर जायचा. आता त्या टेबलामागे बसलेल्या कर्मचाऱ्याची कल्पना करा. समोरची बाई सांगते, की मुलाला गोळी घालण्याची धमकी आली आहे. खरं की खोटं, हे पडताळायचं. धमकी देणारा पावती देत नाही. पोलिसांना विचारावं तर त्यांनाही सगळं ठाऊक असतं असं नाही. गुण दिले तर वर्षानुवर्षं रांगेत असलेला कोणीतरी मागे जातो. नाही दिले आणि धमकी खरी निघाली तर? या गुणांवरून वर्षानुवर्षं वाद झाले, गैरवापराच्या तक्रारी झाल्या. मला मात्र एवढं दिसतं, की जिथे बंदूकवाला ठरवत होता की कोण कुठे राहणार, तिथे निदान त्या माणसाला दुसरं दार दाखवायची सोय सरकारी कागदात होती.

गुणांच्या यादीने वाटपावरचा संशय बराच कमी केला. ही मोठी कमाई आहे. तिने लोकांना शेजारी मात्र आणलं नाही. आजही सार्वजनिक घरांच्या ९० टक्क्यांहून अधिक वसाहती एका समाजाच्या आहेत. कारण फॉर्ममध्ये आणखी एक रकाना असतो, कुठल्या भागात घर हवं याचा. जिथे आपल्या खिडकीची काच फुटेल तिथलं नाव कोण लिहील? उत्तर बेलफास्टमध्ये यातून विचित्र पेच होतो. कॅथलिक वस्त्यांत घरासाठी लांबलचक यादी आणि भिंतीपलीकडे प्रोटेस्टंट भागात मोकळ्या जागा. यादी प्रामाणिक आहे, पण ती लोकांच्या भीतीलाही तितक्याच प्रामाणिकपणे मान देते.

भिंतीपलीकडे हे शब्दशः घ्या. १९६९ मध्ये बेलफास्टच्या कॅथलिक फॉल्स आणि प्रोटेस्टंट शँकिल या दोन भागांमध्ये सैन्याने पत्रे आणि काटेरी तारांची पहिली भिंत उभी केली, ती तात्पुरती म्हणून. पुढे पक्क्या भिंती आल्या, संख्या वाढली, उंची वाढली. आज त्यांतल्या बऱ्याच न्याय खात्याच्या मालकीच्या आहेत आणि काही खुद्द हाउसिंग एक्झिक्युटिव्हच्या. घरं बांधणाऱ्या मंडळाच्या मालमत्तेत अशा भिंतीही. २०२३ पर्यंत सगळ्या भिंती काढायचं उद्दिष्ट २०१३ मध्ये सरकारने जाहीर केलं होतं. ते वर्ष येऊन गेलं, भिंती आहेत. भिंत पाडायची तर दोन्ही बाजूंच्या रहिवाशांची तयारी लागते, आणि ती मिळवण्यासाठी एकेका फाटकावर वर्षं जातात. (बेलफास्टच्या महापालिकेला हे नवीन नाही. १८६९ मध्ये उघडलेल्या तिथल्या सार्वजनिक स्मशानभूमीत कॅथलिक आणि प्रोटेस्टंट मृतांमध्ये जमिनीखाली भिंत घातलेली आहे.)

टेबलामागची माणसं

३० जानेवारी १९७२ ला डेरीत ब्रिटिश सैनिकांनी नागरी हक्क मोर्च्यावर गोळीबार केला. तेरा जण जागीच गेले, एक नंतर. तोच 'ब्लडी संडे'. मार्चमध्ये लंडनने स्टॉरमाँटची विधानसभा स्थगित केली आणि थेट कारभार सुरू केला. आपल्याकडची राष्ट्रपती राजवट समजा. मंत्री लंडनहून येत आणि जात. नोकरशाही तीच राहिली, जी पन्नास वर्षं एकाच पक्षाच्या हाताखाली वाढली होती आणि जिच्या वरच्या पदांवर कॅथलिक फारच थोडे होते.

त्या थोड्यांपैकी एक मॉरिस हेज. डाउनपॅट्रिकच्या नगरपालिकेचे ते मुख्याधिकारी होते. शिवाय डाउन काउंटीच्या गेलिक फुटबॉलचे (हा आयर्लंडचा स्वतःचा खेळ, उत्तरेत तो मुख्यतः नॅशनालिस्टांचा) सचिव. १९६० मध्ये डाउनने अखिल आयर्लंड विजेतेपद जिंकलं, उत्तर आयर्लंडातल्या संघाने ते जिंकण्याची ती पहिलीच वेळ. म्हणजे माणूस नॅशनालिस्टांच्या घरातलाच, आणि चालवत होता सरकारी कचेरी. १९६९ मध्ये दोन समाजांतले संबंध सुधारण्यासाठी आयोग नेमला तेव्हा अध्यक्षपद त्यांच्याकडे आलं. पण एकीकडे शेजाऱ्यांना चहाला एकत्र बसवायचं आणि दुसरीकडे त्याच सरकारने ऑगस्ट १९७१ पासून शेकडो कॅथलिकांना चौकशीविना डांबायचं, हे एकत्र कसं चालणार? ब्लडी संडेनंतर हेज यांनी ते पद सोडलं. सरकारी नोकरी मात्र सोडली नाही. पुढे ते आरोग्य खात्याचे सचिव झाले, मग लोकपाल, आणि १९९९ मध्ये पोलिस दलाची पुनर्रचना सुचवणाऱ्या पॅटन आयोगाचे सदस्य. काय सहन करायचं आणि कुठे राजीनामा द्यायचा, याची रेघ प्रत्येक अधिकाऱ्याला स्वतःच ओढावी लागते. त्यांनी ती ज्या ठिकाणी ओढली ती मला पटते.

दुसरं नाव केनेथ ब्लूमफिल्ड. १९८४ ते १९९१ ते तिथल्या नागरी सेवेचे प्रमुख होते, आपल्या भाषेत मुख्य सचिव. १२ सप्टेंबर १९८८ ला पहाटे आयआरएने त्यांच्या घराभोवती बॉम्ब उडवले. घर उद्ध्वस्त झालं, कुटुंब वाचलं. ते कामावर राहिले. निवृत्तीनंतर हिंसाचारात गेलेल्यांच्या कुटुंबांसाठी काय करता येईल याचा अहवाल सरकारने त्यांच्याकडूनच करून घेतला. तो १९९८ मध्ये आला.

वरच्यांना निदान पहारा असतो. एप्रिल १९८१ मध्ये जनगणना सुरू होती. डेरीत २९ वर्षांची एक प्रगणक, एका लहान मुलाची आई, घरोघरी भरलेले फॉर्म गोळा करत होती. एका दारात फॉर्म घेताना तिला गोळी घालण्यात आली. तुरुंगात आयआरए कैद्यांचं उपोषण चालू होतं आणि जनगणनेवर बहिष्काराची हाक होती. हातात फॉर्म असणं म्हणजे सरकारच्या बाजूने असणं, असा अर्थ लागत होता.

पण तो अर्थ नेहमीच उगाच लागत होता असंही नाही. स्थानबद्धतेच्या निषेधात हजारो कॅथलिक कुटुंबांनी सरकारी घरांचं भाडं देणं बंद केलं, तेव्हा ऑक्टोबर १९७१ मध्ये एक कायदा आला. थकलेलं भाडं त्या कुटुंबाच्या सरकारी भत्त्यातून परस्पर कापायचं. आंदोलन चिरडायचं हत्यार कोणाच्या हातात? भत्ता वाटणाऱ्या कारकुनाच्या. ज्या खिडकीशी गरिबाने विश्वासाने जायचं तीच खिडकी शिक्षा देऊ लागली. घरवाटप निष्पक्ष करण्यासाठी मंडळ काढलं त्याच वर्षातली ही गोष्ट आहे.

दाखल्यावरची शाळा

नोकऱ्यांचं दुखणं घरांपेक्षा चिवट. १९८० च्या दशकातही कॅथलिक पुरुषांमधली बेकारी प्रोटेस्टंट पुरुषांच्या सुमारे अडीच पट होती. १९७६ चा कायदा भेदभावाला बंदी घालत होता, पण सिद्ध कसं करणार? मालक म्हणायचा, 'मी कोणाला धर्म विचारतच नाही.' आणि खरंच विचारायची गरज नव्हती. आडनाव, राहण्याचा रस्ता, शाळा, यातलं काहीही सांगून जातं.

१९८९ च्या कायद्याने हा युक्तिवाद उलटा केला. आता विचारायलाच हवं. दहापेक्षा जास्त माणसं असलेल्या प्रत्येक मालकाने कामगारांची समाजवार मोजणी करून दरवर्षी आकडे कळवायचे, आणि तीन वर्षांतून एकदा भरतीच्या पद्धती तपासायच्या. फॉर्मची भाषा पाहण्यासारखी असते. तुमची श्रद्धा काय हे तो विचारत नाही. आपण धर्म पाळत असू वा नसू, इथे बहुतेकांकडे प्रोटेस्टंट किंवा कॅथलिक म्हणून पाहिलं जातं, असं आधी मान्य करून तुम्ही कुठल्या समाजात वाढलात एवढंच विचारतो. तिसरा पर्यायही असतो, दोन्हींपैकी नाही. मुलाखत घेणाऱ्यांना हा कागद दिसत नाही. कोणी उत्तर दिलंच नाही, तर इतर माहितीवरून, मुख्यतः प्राथमिक शाळेच्या नावावरून, मालक अंदाज बांधू शकतो. शाळा दोन समाजांच्या वेगळ्या, आजही मिश्र शाळांत मुलं दहा टक्केही नाहीत. शाळा सोडल्याच्या दाखल्यावरून माणसाची जात ठरवणाऱ्या आपल्या व्यवस्थेला हे कळायला वेळ लागू नये.

नावं ठेवणारे म्हणाले, की अशाने भेद कागदावर कोरला जाईल. थोडा गेलाही. पण आकडे बोलू लागल्यावर टोलवाटोलवी थांबली, आणि आज नोंद होणाऱ्या नोकरदारांत कॅथलिकांचं प्रमाण निम्म्याच्या आसपास आहे. लोकसंख्याही बदलली आहे. २०२१ च्या जनगणनेत कॅथलिक किंवा तशा घरात वाढलेले ४५.७ टक्के, प्रोटेस्टंट किंवा तशा घरात वाढलेले ४३.५ टक्के.

मिरवणुकांचं थोडक्यात सांगतो, कारण परवानगी, मार्ग, वाद्यं, प्रार्थनास्थळापुढे थांबणं हा विषय मराठी वाचकाला वेगळा समजावायला नको. पोर्टाडाउनमध्ये प्रोटेस्टंटांच्या ऑरेंज ऑर्डरची मिरवणूक ड्रमक्री चर्चहून परतताना कॅथलिक वस्तीच्या गार्व्ही रस्त्यावरून जायची. जुलै १९९६ मध्ये पोलिस प्रमुखांनी ती अडवली, चार दिवस सगळीकडे दंगे झाले, आणि मग त्यांनीच निर्णय फिरवला. पहिल्या दिवशी एक समाज दुखावला, पाचव्या दिवशी दुसरा, आणि पोलिसांची पत दोघांकडेही गेली. त्यातून धडा घेऊन ठरवणारे आणि अंमल करणारे वेगळे केले. १९९८ च्या कायद्याने 'परेड्स कमिशन' या स्वतंत्र मंडळाला अधिकार मिळाले. आयोजकाने २८ दिवस आधी ठरावीक फॉर्म भरायचा, मंडळ दोन्ही बाजू ऐकून अटी घालणार, पोलिस त्या फक्त पाळायला लावणार. शिव्या मंडळ खातं. १९९८ पासून ती मिरवणूक गार्व्ही रस्त्यावरून गेलेली नाही.

मंत्री नाहीत, तर सही कोणाची?

१० एप्रिल १९९८ च्या करारानंतर दोन्ही समाजांचं एकत्र सरकार आलं. सत्तेत दोघांनी मिळूनच बसायचं, एकाने पाठ फिरवली की सरकार पडतं. डिसेंबर १९९९ मध्ये शिक्षणमंत्री झाले मार्टिन मॅकगिनेस, आयआरएचे एकेकाळचे डेरीतले म्होरके. ज्या नोकरशाहीने बॉम्ब आणि गोळ्या झेलल्या होत्या, तिथल्या अधिकाऱ्यांनी त्यांच्यापुढे फायली ठेवायला सुरुवात केली. शांतता प्रक्रियेतला हा भाग मला हस्तांदोलनाच्या फोटोंपेक्षा अवघड वाटतो.

सरकार वारंवार बंद पडलं. २००२ ते २००७, मग जानेवारी २०१७ ते जानेवारी २०२०, मग फेब्रुवारी २०२२ ते फेब्रुवारी २०२४. शेवटच्या दोन वेळा लंडनने थेट कारभार हाती घेतला नाही. म्हणजे (२०२२ मध्ये ऑक्टोबरपर्यंत काळजीवाहू मंत्री होते, ते सोडलं तर) मंत्रीही नाहीत आणि वरून कोणी आलंही नाही. मार्च २०२२ मध्ये मुंबई महापालिकेची मुदत संपल्यावर प्रशासकाच्या हाती कारभार गेला, तो अनुभव इथे डोळ्यांपुढे आणता येईल. फरक एवढाच, की मुंबईच्या प्रशासकाला वर राज्य सरकार होतं. बेलफास्टच्या खातेसचिवांना वर फक्त छत होतं.

त्यांनी किती निर्णय घ्यावेत? सप्टेंबर २०१७ मध्ये पायाभूत सुविधा खात्याने हायटाउन इथल्या २४ कोटी पौंडांच्या कचरा जाळणाऱ्या प्रकल्पाला परवानगी दिली. विरोधक न्यायालयात गेले. मे २०१८ मध्ये उच्च न्यायालयाने आणि जुलैत अपील न्यायालयाने ती परवानगी रद्द ठरवली. खाती मंत्र्यांच्या आदेशाखाली आणि नियंत्रणाखाली चालतील असं कायदा म्हणतो, मंत्रीच नसताना एवढा मोठा निर्णय अधिकाऱ्याला घेता येणार नाही. नोव्हेंबर २०१८ मध्ये लंडनच्या संसदेने कायदा करून थोडी मोकळीक दिली. सार्वजनिक हित असेल तर अधिकाऱ्याने निर्णय घ्यावा, पण मोठं नवं धोरण ठरवू नये.

आणि २०१७ मध्ये सरकार पडलं होतं कशावरून? अधिकाऱ्यांनीच केलेल्या एका योजनेवरून. लाकडाच्या गोळ्यांवर चालणारे बॉयलर बसवणाऱ्याला सरकार प्रत्येक युनिट उष्णतेमागे पैसे देणार, वीस वर्षं. दर इंधनाच्या खर्चापेक्षा जास्त, आणि खर्चाला वरची मर्यादा नाही. जितकं जाळाल तितका नफा. चौकशी आयोगाने मार्च २०२० मध्ये सांगितलं, की भ्रष्टाचारापेक्षा चुकांची रांग लागली होती. त्याच चौकशीत नागरी सेवेचे प्रमुख डेव्हिड स्टर्लिंग यांनी २०१८ मध्ये मान्य केलं, की मंत्र्यांच्या बैठकांची टिपणं ठेवण्याची शिस्त ढासळली होती, आणि सत्तेतल्या दोन मोठ्या पक्षांना टीका खपत नसे हे त्याचं एक कारण होतं. दोन विरोधक एकत्र नांदावेत म्हणून अधिकाऱ्यांनी लेखणी खाली ठेवली. समजू शकतो, पण माफ करावंसं वाटत नाही. ज्या नोकरशाहीने मर्जीच्या जागी कागद आणून विश्वास मिळवला होता, तिनेच नेमका कागद सोडला.

मंत्री नसलेल्या काळात रस्ते दुरुस्त झाले, पेन्शनी वेळेवर गेल्या, शाळा चालल्या. अडलं ते कोणाला तरी नाराज करावं लागेल अशा ठिकाणी. आरोग्यसेवेच्या फेररचनेचा बेंगोआ अहवाल ऑक्टोबर २०१६ मध्ये आला. गावोगावच्या रुग्णालयांतून काही सेवा हलवून मोजक्या ठिकाणी एकवटा, असं त्यात होतं. तीन महिन्यांत सरकार पडलं. आपल्या गावातला विभाग बंद करण्याचा आदेश कुठल्या सचिवाने आणि कुठल्या अधिकाराने काढायचा? तो निघाला नाही, आणि शस्त्रक्रियांच्या प्रतीक्षायाद्या ब्रिटनमध्ये सर्वांत लांब झाल्या. १८ जानेवारी २०२४ ला पगारासाठी लाखाहून अधिक सरकारी कर्मचारी संपावर गेले. त्यांना पगारवाढ द्यायचा अधिकार असलेला मंत्रीच जागेवर नव्हता. ३ फेब्रुवारीला सरकार पुन्हा आलं, लंडनच्या ३.३ अब्ज पौंडांच्या पॅकेजमधून पगाराचा प्रश्न मार्गी लागला. रुग्णालयांच्या फेररचनेवर त्यानंतर पुन्हा चर्चा सुरू झाली, तेव्हा मूळ अहवालाला सात वर्षं उलटून गेली होती.